वीज देणारी काच घेण्याआधी

महाराष्ट्रातील वास्तुविशारदांना खुले पत्र

वास्तुविशारद मित्रमैत्रिणींनो,



वीज तयार करणारी काच आता प्रयोगशाळेबाहेर पडली आहे. जपानमध्ये पॅनासॉनिकने ऑगस्ट २०२३मध्ये फुजिसावा इथल्या एका नमुना घराच्या बाल्कनीला पेरोव्हस्काइट सौरघट असलेली काच बसवली आणि तिची दीर्घकालीन चाचणी सुरू केली. २०२५च्या ओसाका एक्स्पोमध्ये सेकिसुई केमिकलची पेरोव्हस्काइट फिल्म बस टर्मिनलच्या छतावर होती. असा माल आपल्याकडे विकायला येईल तेव्हा त्याचं माहितीपत्रक आधी तुमच्या टेबलावर पडेल. चेकवर सही विकासकाची असते, पण कर्टन वॉलला कोणती काच, कुठल्या बाजूला आणि किती, हे तुम्हीच ठरवता. म्हणून हे पत्र मंत्रिमहोदयांना न लिहिता तुम्हाला लिहितो आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. त्या माहितीपत्रकावर ‘कार्यक्षमता’ ठळक टायपात छापलेली असेल. तेवढा आकडा पाहून निर्णय घेऊ नका. वीज किती मिळेल, उजेड किती येईल, उष्णता किती शिरेल आणि काच किती टिकेल, या चारही गोष्टी ज्या एका थरापाशी येऊन अडतात त्याची चौकशी आधी करा. तो थर म्हणजे पारदर्शक इलेक्ट्रोड.

पेरोव्हस्काइट हे विशिष्ट स्फटिकरचनेच्या पदार्थांचं कुळ आहे. सौरघटात वापरतात त्या पेरोव्हस्काइटमध्ये बहुधा शिसं, आयोडीन किंवा ब्रोमीन आणि एखादा सेंद्रिय आयन असतो. २००९ साली त्सुतोमु मियासाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पदार्थाचा सौरघट बनवला तेव्हा त्याची कार्यक्षमता ३.८ टक्के होती. आज एकट्या पेरोव्हस्काइटच्या घटाने २६ टक्के ओलांडले आहेत. सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट चढवलेल्या टँडेम घटात लाँगी या चिनी कंपनीने २०२४मध्ये ३४.६ टक्के गाठले. हे आकडे खरे आहेत आणि प्रमाणित आहेत. तुमच्या खिडकीला मात्र ते लागू पडत नाहीत.

एकट्या पेरोव्हस्काइटचा विक्रमी घट अपारदर्शक असतो. त्याच्या पाठीला सोन्याचा किंवा चांदीचा शंभरेक नॅनोमीटर जाडीचा थर असतो. हा थर वीज गोळा करतो आणि आरशाचंही काम करतो. पहिल्या फेरीत न शोषलेला प्रकाश तो परत पेरोव्हस्काइटमध्ये धाडतो. खिडकीसाठी घट बनवताना हा आरसा काढून टाकावा लागतो, म्हणजे प्रकाशाची दुसरी फेरी गेली. आरपार दिसावं म्हणून पाचशे नॅनोमीटरच्या आसपासचा पेरोव्हस्काइटचा थरही शे-दोनशेवर आणावा लागतो, म्हणजे पहिल्या फेरीतली कमाईही घटली. शिवाय विक्रमी घटाचं क्षेत्रफळ अनेकदा एक चौरस सेंटीमीटर किंवा त्याहून कमी असतं, आणि तुमची काच असते दोन-तीन चौरस मीटरची.

म्हणून अर्धपारदर्शक घटाची किंमत करताना दोन आकडे एकत्र धरावे लागतात: कार्यक्षमता आणि सरासरी दृश्यपारदर्शकता, म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशातला किती भाग काचेपार जातो. या क्षेत्रातले संशोधक दोन्हींचा गुणाकार करतात. दहा टक्के कार्यक्षमता आणि पंचवीस टक्के पारदर्शकता यांचा गुणाकार अडीच टक्के. पाच आणि पन्नास यांचाही अडीचच. प्रयोगशाळांची तुलना करायला हा गुणाकार चांगला आहे, पण इमारतीसाठी तो पुरत नाही, कारण तुम्हाला उजेड आणि वीज यांची मनमानी अदलाबदल करता येत नाही. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेच्या २०१७च्या आवृत्तीत काचेची दृश्यपारदर्शकता किमान ०.२७ हवी असं म्हटलं आहे. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानात उत्तरेखेरीज इतर बाजूंच्या काचेतून आत येणाऱ्या सौरउष्णतेचा गुणांक, तुमच्या भाषेत एसएचजीसी, ०.२७च्या वर नको, आणि भिंतीच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त भाग काचेचा नको. या चौकटीत बसणारी पारदर्शकता आधी ठरवा. मग विक्रेत्याला विचारा, ‘नेमक्या एवढ्या पारदर्शकतेला तुमची कार्यक्षमता किती?’ पारदर्शकतेशिवाय सांगितलेली कार्यक्षमता आणि कार्यक्षमतेशिवाय सांगितलेली पारदर्शकता, दोन्ही सारख्याच निरुपयोगी.

प्रत्येक उघडीप बाहेरचं दृश्य पाहण्यासाठी नसते, हे तुम्हाला मी सांगायला नको. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवत. त्यातून रस्ता दिसत नसे, पण खोलीत मऊ उजेड येई आणि ऊन डोळ्यांत जात नसे. जिने, मार्गिका, छताजवळच्या उंच खिडक्या, अंगणावरची छतं अशा ठिकाणी कमी पारदर्शकतेची, तांबूस झाक असलेली काचही चालून जाईल. उलट दोन मजल्यांमधल्या स्पँड्रेल पट्ट्यामागे स्लॅब आणि तुळया असतात. तिथे अर्धपारदर्शक घट लावणं म्हणजे उधळपट्टी. त्या जागी सरळ अपारदर्शक घट लावा, तेवढ्याच क्षेत्रफळात जास्त वीज मिळेल.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. अर्धपारदर्शक घटाला पुढून आणि मागून असे दोन पारदर्शक इलेक्ट्रोड लागतात, आणि आत येणाऱ्या उजेडाला दोन्ही ओलांडावे लागतात. प्रत्येकातून ८५ टक्के प्रकाश जातो असं धरलं, तर पेरोव्हस्काइटने काहीही शोषण्याआधीच ढोबळमानाने २८ टक्के उजेड हिशेबातून गेला. मग हे थर आणखी पातळ का करत नाहीत? कारण त्यांना वीजही वाहायची असते. थर पातळ केला की रोध वाढतो. जाडी तीच ठेवून मुक्त इलेक्ट्रॉनांची संख्या वाढवली तर रोध कमी होतो, पण तेच इलेक्ट्रॉन अवरक्त प्रकाश शोषू आणि परतवू लागतात. म्हणून चांगल्या इलेक्ट्रोडचं खरं गमक इलेक्ट्रॉनांच्या संख्येपेक्षा त्यांच्या चपळाईत असतं. सर्रास वापरला जातो तो इंडियम टिन ऑक्साइड, म्हणजे आयटीओ. त्याच्या जोडीला इंडियम झिंक ऑक्साइड आणि हायड्रोजन मिसळलेला इंडियम ऑक्साइड यांच्याकडे संशोधक वळतात, कारण त्यांत इलेक्ट्रॉन अधिक मोकळेपणाने धावतात आणि कमी संख्येत तेवढंच काम करतात.

हा थर तुम्हाला अनोळखी नाही. तुम्ही वर्षानुवर्षं स्पेसिफिकेशनमध्ये लिहिता ती लो-ई काच याच घराण्यातली आहे. हार्ड-कोट लो-ई काचेवर असतो फ्लोरीन मिसळलेला टिन ऑक्साइड, आणि तोच थर अनेक सौरघटांचा खालचा इलेक्ट्रोड असतो. सॉफ्ट-कोट काचेवर दोन ऑक्साइडांच्या मध्ये चांदीचा काही नॅनोमीटरचा थर असतो. हीच रचना अर्धपारदर्शक सौरघटाचा वरचा इलेक्ट्रोड म्हणूनही वापरून पाहिली गेली आहे. सूर्यप्रकाशातली जवळपास निम्मी ऊर्जा अवरक्त किरणांत असते. चांदीचा थर त्यांना बाहेरच्या बाहेर परतवतो, दिसणारा प्रकाश बऱ्यापैकी आत सोडतो आणि वीजही वाहतो. खिडकीला याहून चांगलं काय हवं?

पण हाच गुण दुसऱ्या जागी दोष ठरतो, आणि बातम्या वाचताना तिथेच गल्लत होते. पवईच्या आयआयटीत २०१०पासून नॅशनल सेंटर फॉर फोटोव्होल्टाइक रिसर्च अँड एज्युकेशन हे केंद्र आहे. तिथल्या संशोधकांनी अर्धपारदर्शक पेरोव्हस्काइट घट सिलिकॉनच्या वर ठेवून चार टोकांच्या टँडेम रचनेत २६ टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमता मिळवली. कौतुक करावं असंच हे काम आहे. पण त्या घटातून पलीकडे जाणारा प्रकाश माणसासाठी नसून सिलिकॉनसाठी असतो. तिथल्या इलेक्ट्रोडला ८०० ते १२०० नॅनोमीटरचा, आपल्याला न दिसणारा प्रकाश सोडावा लागतो. खिडकीच्या इलेक्ट्रोडने मात्र नेमका तोच प्रकाश अडवायला हवा, नाहीतर एसीचं बिल विजेच्या कमाईवर पाणी फिरवेल. छतासाठी उत्तम ठरलेला ‘अर्धपारदर्शक घट’ खिडकीसाठी वाईट असू शकतो. विक्रेत्याने टँडेमचा आकडा दाखवून खिडकीची काच विकायला घेतली, तर त्याला तिथेच थांबवा.

दुसरी अडचण बनवण्याची. खालचा इलेक्ट्रोड काचेवर आधीच चढवलेला असतो आणि काच शेकडो अंश तापमान सहज सोसते. वरचा इलेक्ट्रोड मात्र पेरोव्हस्काइट आणि त्याच्यावरचे नाजूक सेंद्रिय थर घालून झाल्यावर चढवावा लागतो. आयटीओ चढवण्याची नेहमीची पद्धत म्हणजे स्पटरिंग. निर्वात कक्षात आयटीओच्या ठोकळ्यावर आयनांचा मारा करतात आणि त्यातून उडालेले अणू समोरच्या पृष्ठभागावर बसतात. त्यांतले काही कण इतक्या वेगाने येतात की खालच्या सेंद्रिय थराचं होतं ते नुकत्याच घातलेल्या रांगोळीवर गारा पडाव्यात तसं. म्हणून मध्ये मॉलिब्डेनम ऑक्साइड किंवा टिन ऑक्साइडचा दहा-वीस नॅनोमीटरचा संरक्षक थर देतात आणि माऱ्याचा जोर कमी ठेवतात. एरवी आयटीओ दोनशे अंशांच्या आसपास तापवला की तो अधिक पारदर्शक आणि अधिक वाहक होतो. इथे तसं तापवता येत नाही, कारण पेरोव्हस्काइट आणि त्याचे सोबती एवढी उष्णता सोसत नाहीत. परिणामी वरचा इलेक्ट्रोड खालच्यापेक्षा अनेकदा कमअस्सल राहतो, आणि काचेची कार्यक्षमता या कमअस्सल बाजूवर ठरते.

तिसरी अडचण आकाराची, आणि इथे तुमची रेखाटनं थेट कामाला येतात. इलेक्ट्रोडमधून वीज आडवी वाहत कडेपर्यंत जाते. हे अंतर वाढलं की नुकसान त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. एक साधा हिशेब पाहा. दर चौरस सेंटीमीटरला १२ मिलिअँपिअर प्रवाह, १ व्होल्ट दाब आणि इलेक्ट्रोडचा शीट रेझिस्टन्स १० ओहम प्रति चौरस धरला, तर अर्धा सेंटीमीटर रुंदीच्या पट्टीत त्या एका इलेक्ट्रोडमुळे सुमारे १ टक्का वीज वाया जाते. एक सेंटीमीटरच्या पट्टीत ४ टक्के, दोन सेंटीमीटरच्या पट्टीत १६ टक्के. रेझिस्टन्स ३० ओहम असेल तर एक सेंटीमीटरच्या पट्टीतच १२ टक्के. म्हणून मोठ्या काचेवरचे थर लेझरने अरुंद पट्ट्यांत कापतात आणि त्या एकामागोमाग एक जोडतात. पट्ट्या अरुंद केल्या की लेझरच्या रेघा वाढतात, रेघांच्या जागी वीज तयार होत नाही आणि जवळून पाहिलं तर त्या डोळ्यांना दिसतातही. तेव्हा पट्टीची रुंदी आणि शीट रेझिस्टन्स हे दोन आकडे मागाच. ते नुसते विचारले, तरी समोरचा काच विकतो आहे की स्वप्न, हे कळेल.

पट्ट्यांची दिशाही विचारा. एकामागोमाग जोडलेल्या पट्ट्यांत सर्वांत कमी उजेड मिळालेली पट्टी सगळ्यांचा प्रवाह अडवते. छज्ज्याची सावली वरून आडवी पडते. पट्ट्या आडव्या असतील तर वरच्या दोन-तीन पूर्ण सावलीत जातील आणि अख्खी काच लंगडी होईल. पट्ट्या उभ्या असतील तर प्रत्येकीचा थोडा थोडा भाग झाकला जाईल आणि नुकसान सावलीच्या प्रमाणातच राहील. शेजारच्या टॉवरची उभी सावली सरकत येणार असेल, तर हिशेब उलटा होईल. लोअर परळ किंवा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या दाटीत हा बारकावा कागदावर सोडवायला सोपा आणि काच बसल्यावर दुरुस्त करायला अशक्य आहे.

भिंतीची दिशा तर त्याहून महत्त्वाची. मुंबई १९ अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे त्या काळात दक्षिणेच्या उभ्या भिंतीला दुपारचं थेट ऊन जवळपास मिळतच नाही. डिसेंबरात तोच सूर्य ४७-४८ अंशांवर असतो आणि दक्षिण भिंत उजळून निघते. एप्रिल-मेमध्ये भाजून निघते ती पश्चिम भिंत, आणि तिथे काचेला वीज आणि सावली ही दोन्ही कामं एकदम देता येतात. तेव्हा विक्रेत्याचा ‘वर्षाला एवढी युनिट’ हा आकडा कोणत्या दिशेच्या उभ्या काचेसाठी काढला आहे, हे लेखी घ्या. तिरप्या पॅनेलचा हिशेब उभ्या काचेला लावता येत नाही.

राहिला टिकाऊपणा. सौर पॅनेलच्या आंतरराष्ट्रीय मानकात ८५ अंश सेल्सिअस आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तासांची कसोटी असते. पेरोव्हस्काइटला पाणी आणि उष्णता दोन्ही मानवत नाहीत. त्यात भर म्हणजे त्याच्यातले आयोडीनचे आयन हळूहळू सरकतात, आणि चांदी भेटली की तिचं सिल्व्हर आयोडाइड करून टाकतात. चांदीच्या नॅनोतारांचा किंवा अतिपातळ चांदीचा इलेक्ट्रोड पहिल्या दिवशी देखणा आकडा देतो, पण त्याच्या आणि पेरोव्हस्काइटच्या मध्ये चांगला अडसर नसेल तर तो आकडा फार दिवस राहत नाही. याउलट घट्ट ऑक्साइड इलेक्ट्रोड स्वतःच झाकणाचं काम करतो. २०१७मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या गटाने टिन ऑक्साइडचा संरक्षक थर आणि वर आयटीओ अशा रचनेचा पेरोव्हस्काइट घट या १००० तासांच्या कसोटीतून पार नेला होता. म्हणजे इलेक्ट्रोडची निवड म्हणजे आयुष्याचीही निवड. कोकणातल्या पावसाळ्यात आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात दोन्हीकडे काच लावायची असेल, तर या कसोटीचा दाखला तयार मॉड्यूलचा मागा. सुट्या छोट्या घटाचा दाखला पुरेसा नाही.

शिशाबद्दल लोक विचारतील, तेव्हा उत्तर तयार ठेवा. पाचशे नॅनोमीटरच्या थरात दर चौरस मीटरला पाऊण ग्रॅमच्या आसपास शिसं असतं. अर्धपारदर्शक काचेत त्याहूनही कमी. घाबरून जावं इतकं ते नाही, पण दुर्लक्ष करावं इतकं थोडंही नाही, कारण शिशाचे हे क्षार पाण्यात विरघळतात. लॅमिनेटेड काच, कडेचं पक्कं सीलिंग आणि फुटलेली काच परत घेण्याची उत्पादकाची लेखी हमी, या तीन अटी टेंडरमध्ये आधीच असू द्या. इंडियमचा प्रश्न वेगळा आहे. शंभर नॅनोमीटर आयटीओत दर चौरस मीटरला जेमतेम अर्धा ग्रॅम इंडियम लागतो, पण हा धातू मुख्यतः जस्ताच्या शुद्धीकरणातून उपउत्पादन म्हणून मिळतो आणि त्याच्या पुरवठ्यावर चीनची पकड आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये चीनने त्याच्या निर्यातीवर नियंत्रण आणलं. भारताने २०२३मध्ये जाहीर केलेल्या ३० महत्त्वाच्या खनिजांच्या यादीतही तो आहे. पाच वर्षांनी फुटलेली एक काच बदलताना तीच काच मिळेल का, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे.

एक शेवटचा प्रश्न विक्रेत्याला आवर्जून विचारा: पारदर्शकता थरातून आली आहे की फटीतून? काही उत्पादक घट जाडच ठेवतात आणि लेझरने त्यात बारीक फटी पाडतात. फुजिसावाच्या काचेतही पारदर्शकता लेझरच्या आखणीने कमी-जास्त केलेली होती. फटींच्या काचेत रंग तटस्थ राहतो, आणि वरच्या इलेक्ट्रोडची डोकेदुखी टाळायची झाली तर टाळता येते. बदल्यात जवळून रेषांची जाळी दिसते, आणि जेवढा भाग मोकळा तेवढी वीज कमी, असा रोखठोक व्यवहार असतो. सलग पातळ थराची काच डोळ्याला शांत वाटते, पण ती बहुधा तपकिरी-तांबूस दिसते, कारण पेरोव्हस्काइट निळा प्रकाश जास्त खातं. दोन्हीपैकी एक बरोबर आणि एक चूक असं नाही. कार्यालयात दिवसभर बसणाऱ्या माणसाला कोणता उजेड चालेल, हा निर्णय मात्र तुमचा आहे. तो काचविक्रेत्यावर सोडू नका.

ही काच उद्याच सगळ्या इमारतींना लावा असं मी म्हणत नाही, आणि थांबून राहा असंही नाही. तुमच्यापैकी जे मोठे प्रकल्प करतात त्यांना एवढीच विनंती आहे: येत्या एखाद्या इमारतीत पश्चिमेच्या भिंतीचा एक छोटा भाग या काचेला द्या. तिच्या शेजारी तुमची नेहमीची लो-ई काच ठेवा. दोन्हींच्या मागे तापमान, उजेड आणि विजेची मोजणी करणारी साधनं बसवा. किमान दोन पावसाळे जाऊ द्या, आणि आकडे चांगले येवोत वा वाईट, ते व्यवसायातल्या सगळ्यांसाठी खुले करा. आपल्या हवामानातल्या उभ्या भिंतीवरची अशी उघड मोजमापं हाती आली, की संशोधकांना इलेक्ट्रोड कुठे कमी पडतो ते कळेल आणि उत्पादकांना काय सुधारायचं ते. विद्यार्थ्यांना काच निवडताना कोणते आकडे मागायचे हे शिकवता येईल. ही मोजणी सरकारच्या आदेशाची वाट न पाहता सुरू करता येईल असा व्यवसाय तुमचाच आहे, कारण भिंत तुमच्या रेखाटनावर आधी उभी राहते.

आपला स्नेहांकित,
विज्ञानाविषयी लिहिणारा एक नागरिक